शेजारची अडगळ आणि आपल्या घराचा भाव

घर विकायला काढलं की माणूस आधी आपल्या भिंती रंगवून घेतो. गिऱ्हाईक मात्र भिंतींपर्यंत पोचण्याआधी जिना चढून येतं, आणि त्याचं निम्मं मत तिथेच बनलेलं असतं. तिसऱ्या मजल्यावर समोरच्या दारापाशी वर्तमानपत्रांचे छताला टेकलेले गठ्ठे, बंद पडलेलं वॉशिंग मशिन, त्यावर रंगाचे रिकामे डबे, सीट नसलेली लहान मुलाची सायकल, कुंड्यांमधली वाळलेली तुळस आणि या सगळ्यातून वाट काढत तुमच्या दारापर्यंत उरलेली जेमतेम दीड हात जागा. सोबत आलेल्या सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त पदर सावरून भिंतीला न लागता पुढे सरकतात. तुमचं स्वयंपाकघर कितीही लखलखीत असो, संध्याकाळी एजंटचा फोन येतो: "घर आवडलं साहेब, पण ते सहा लाख कमी म्हणतायत."

या सहा लाखांचं काय करायचं, त्यातले किती वाचवता येतात आणि त्यासाठी किती खर्च येतो, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आकड्यांसाठी सिंहगड रोडसारख्या भागातला, 80 लाखांना काढलेला दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांपुढे धरू. मजुरी आणि सामानाचे दर पुण्यातल्या साधारण चालू भावांचे आहेत. तुमच्या गावात ते थोडे इकडेतिकडे होतील, हिशेबाची रीत तीच राहील.

नुकसान नेमकं कुठे होतं

पहिलं नुकसान घासाघिशीत होतं, ते उघडच आहे. दुसरं बँकेत होतं आणि ते बहुतेक विक्रेत्यांच्या लक्षातच येत नाही. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँक आपला मूल्यांकनकार पाठवते. तो जिन्याचे, पॅसेजचे, खिडकीतून दिसणाऱ्या परिसराचेही फोटो काढतो आणि ओल कुठे दिसते ते लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, आणि ही किंमत म्हणजे बँकेने धरलेली किंमत. 80 लाख धरले तर कर्ज 64 लाख. मूल्यांकन 74 लाखांवर आलं तर कर्ज 59 लाख 20 हजार. म्हणजे गिऱ्हाईकाला खिशातून आणखी 4 लाख 80 हजार उभे करावे लागतात. ते नाही जमले की टोकन दिलेला व्यवहारसुद्धा मोडतो.

तिसरं नुकसान वेळेचं. तुमच्यावर अजून 40 लाखांचं कर्ज असेल आणि व्याजदर साडेआठ टक्के असेल, तर महिन्याला नुसतं व्याज 28 हजारांच्या पुढे जातं. त्यात साडेतीन हजार मेंटेनन्स मिळवा. घर तीन महिने जास्त पडून राहिलं की जवळपास 95 हजार गेले. नवीन घर आधीच घेऊन ठेवलं असेल तर ही घाई आणखी महत्त्वाची. जुनं घर विकण्याआधीच्या एका वर्षात घेतलेल्या नव्या घरावरच भांडवली नफ्याची सूट मिळते. विक्री त्या वर्षापलीकडे लांबली की आधी घेतलेल्या घराच्या जोरावर ती सूट मागता येत नाही. हे गणित जो आधी करतो, तो शेजाऱ्याशी भांडण्यात सहा महिने घालवत नाही.

आधी शेजारी ओळखा

अडगळीचे प्रकार वेगवेगळे असतात आणि उपायही. समोरच्या घरात माणूस राहतो आहे आणि सामान बाहेर आलं आहे, हा एक प्रकार. फ्लॅट कुलूपबंद आहे, मालक बंगळुरूला किंवा बाहेरच्या देशात, दारावर जळमटं आणि विजेची जुनी बिलं, हा दुसरा. तिसरा म्हणजे शेजारचा बंद बंगला किंवा मोकळा प्लॉट. सहकारनगर, प्रभात रोड किंवा कोथरूडच्या जुन्या कॉलन्यांमध्ये असे बंगले अनेक आहेत. मालक गेले, वारस तीन-चार, वाटणी अडलेली, आणि आवारात सुबाभूळ दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलेली.

कुलूपबंद फ्लॅटचं काम त्यातल्या त्यात सोपं. मालकाला मेंटेनन्स भरावाच लागतो, म्हणून सोसायटीकडे त्याचा पत्ता, ईमेल, फोन असतो. परगावच्या मालकाला फोटो पाठवून "दार आणि पॅसेज आम्ही आमच्या खर्चाने साफ करून घेतो, तुमची हरकत नसल्याचं कळवा" असं लिहिलं तर बहुतेकजण आनंदाने हो म्हणतात. सफाईवाल्याचे पाचशे-हजार रुपये, दाराला पॉलिशचा एक हात, नवीन नेमप्लेटची गरजही नाही. विषय संपतो.

राहत्या शेजाऱ्याशी बोलताना

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो आणि सगळ्यात जास्त घाईही इथेच होते. शेजारी बहुधा म्हातारे असतात, बऱ्याचदा एकटे. आजोबा गेल्यापासून आजींनी एकही वस्तू बाहेर टाकलेली नाही, मुलगा बाहेरगावी, आणि घरातलं सामान हळूहळू दाराबाहेर सरकत आलेलं. वस्तू टाकूच न शकणं हा मानसोपचारात 2013पासून वेगळा विकार म्हणून नोंदला गेलेला आहे. त्यामागे आळस किंवा बेफिकिरी असते असं समजून कुणी आवाज चढवला, तर ते दार तुमच्यासाठी कायमचं बंद होतं. शिवाय ते माणुसकीला धरून नाही. घर विकून तुम्ही निघून जाणार आहात. त्यांना त्याच मजल्यावर राहायचं आहे.

तेव्हा बोलणी पॅसेजमध्ये उभं राहून, बाकीच्यांच्या देखत करू नका. घरातल्या ज्या माणसाशी त्यांचं जमतं त्याला पाठवा, बहुतेक वेळा ती आईच असते. "काकू, आम्ही घर विकतोय, महिनाभर लोक बघायला येतील, तुम्हाला येण्याजाण्याचा त्रास होईल" असं सुरू करा. सामान काढा असं म्हणू नका. त्याला जागा करून देऊ असं म्हणा. दारामागे किंवा गॅलरीत उभं राहील असं एखादं बंद लोखंडी कपाट सहा ते आठ हजारांत मिळतं. ते तुम्ही घेऊन द्या. पॅसेजमधलं निम्मं सामान त्यात जातं, आणि काकूंना आपलं काही गेलं असं वाटत नाही.

उरलेल्यासाठी एक दिवस ठरवा. दोन मजूर, हजेरी प्रत्येकी 800 ते 1000. छोटा हत्ती टेम्पोची एक फेरी, अंतरावर अवलंबून 1500 ते 3000. वर्तमानपत्रं, लोखंड, वॉशिंग मशिन भंगारवाला विकत घेईल, ते पैसे तिथल्या तिथे काकूंच्या हातात द्या. रक्कम लहान असते, पण आपल्या वस्तूला मोल मिळालं याने पुढची वस्तू सुटते. रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट भंगारात किंवा राडारोड्यात टाकू नका, महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्या. सामान हलल्यावर मागून झुरळं आणि उंदीर निघणारच. पेस्ट कंट्रोल त्याच आठवड्यात, दीड ते अडीच हजार. मग पॅसेजच्या तीन भिंतींना रंगाचा हात, सहा ते दहा हजार, आणि एक चांगला एलईडी दिवा, पाचशे रुपये. पिवळ्या मिणमिणत्या बल्बखाली स्वच्छ पॅसेजही कळकट दिसतो.

सगळं मिळून सतरा ते सव्वीस हजार. 80 लाखांचा एक टक्का म्हणजे 80 हजार, आणि पॅसेज बघून गिऱ्हाईक एका टक्क्यावर कधीच थांबत नाही. दुसऱ्याच्या पसाऱ्यावर आपण का खर्च करायचा, असा प्रश्न घरातलं कुणीतरी विचारेलच. आपण न्याय मिळवायला निघालेलो नाही, घर विकायला निघालो आहोत, हे त्याला शांतपणे सांगा.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. त्यांच्या परवानगीवाचून एक पिशवीसुद्धा हलवू नका. पॅसेज सामाईक असला तरी वस्तू त्यांची आहे, आणि "माझी पितळी समई त्यातच होती" ही पोलीस तक्रार खरीदाराच्या कानावर गेली तर सगळं मुसळ केरात. मुलाशी किंवा मुलीशी फोनवर बोलून घ्या आणि होकार व्हॉट्सअॅपवर लेखी असू द्या. आणि सफाईचा दिवस पहिल्या गिऱ्हाईकाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. दोन आठवडे आधी करा, कारण थोडं सामान परत बाहेर येतंच. त्यासाठी आणखी एका फेरीचे दोन-तीन हजार बाजूला ठेवा.

घरात जाणवण्याइतकी दुर्गंधी असेल, त्या माणसाचं खाणंपिणं नीट नसेल, तर हा विषय पॅसेजपुरता राहत नाही. ज्येष्ठांसाठीची 14567 आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 या दोन्ही सरकारी हेल्पलाइन आहेत आणि फोनला पैसे पडत नाहीत. नातेवाइकांना हे नंबर द्या. तुमचा व्यवहार होवो न होवो, हे करायलाच हवं.

सोसायटीचं दार

बोलून जमलं नाही तर सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहा. जिना, पॅसेज, गच्ची या सामाईक जागा आहेत, तिथे सामान ठेवून वाट अडवता येत नाही, हे आदर्श उपविधींत स्पष्ट आहे. पत्रात "अस्वच्छता" या शब्दापेक्षा "आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग" हे शब्द कमिटीला लवकर हलवतात. महाराष्ट्रात 2006चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा लागू आहे. ज्या इमारतींत अग्निशमन यंत्रणा आहे त्यांना दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जिन्यात कागदाचे गठ्ठे असताना उद्या काही झालं तर प्रश्न पदाधिकाऱ्यांना विचारले जातील, हे त्यांनाही माहीत असतं. पत्र फक्त एका शेजाऱ्याचं नाव घेऊन लिहू नका. सगळ्या मजल्यांसाठी एक परिपत्रक काढायला सांगा. चौथ्या मजल्यावरचा चपलांचा रॅक आणि तळमजल्यावरची मोडकी स्कूटरही त्यात जाते, आणि काकूंना एकटं पाडल्यासारखं होत नाही.

कमिटीने काहीच केलं नाही तर उपनिबंधक आणि सहकार न्यायालय हे रस्ते आहेत. विक्रीच्या घाईत त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण पुढे येईल.

सोसायटीत गेलाच आहात तर आपली बाजूही तपासा. भागपत्र तुमच्या नावावर आहे का, थकबाकी आहे का. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं अधिमूल्य 25 हजारांच्या वर घेता येत नाही, हस्तांतरण शुल्क 500 आणि प्रवेश शुल्क 100. "इमारत निधी" किंवा "ऐच्छिक देणगी" म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्या कमिट्या अजून आहेत. पॅसेज साफ करून देण्याच्या बदल्यात ही देणगी कबूल करू नका.

शेजारचा बंद बंगला

इथे शेजारीच सापडत नाही, म्हणून पहिला खर्च त्याला शोधण्याचा. शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक ऑनलाइन शे-दीडशे रुपयांत निघतं. शहराच्या कडेला अजून सातबाराच चालत असेल तर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत. त्यावर मालकाचं नाव, कधी मयताचं, कधी चार वारसांची. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधली की अलीकडे काही व्यवहार किंवा गहाण झालं आहे का तेही कळतं. वारसांपैकी एकजण तरी त्याच शहरात असतो आणि जुन्या कॉलनीत त्याचा फोन कुणाकडे तरी असतोच. इस्त्रीवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांना विचारा.

वारसांना सफाईचा खर्च मागू नका. एकाने दिला तर दुसरा विचारतो, तू कोण देणारा, आणि चौघांच्या वादात तुमचा महिना जातो. फक्त आत जायची लेखी परवानगी मागा. झुडपं आणि गाजरगवत काढायला तीन-चार मजूर दोन दिवस, आठ हजारांच्या आसपास. पालापाचोळा आणि राडारोडा उचलायला दोन-तीन फेऱ्या, सहा ते नऊ हजार. आवार मोठं असेल तर हा आकडा 25 हजारांवर जाईल. तेवढा खर्च करायचा नसेल तर निदान तुमच्या कुंपणालगतची दहा फुटांची पट्टी साफ करून घ्या. तुमच्या गॅलरीतून दिसतं ते तेवढंच.

झाडाला मात्र हात लावण्याआधी थांबा. 1975च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली शहरी भागात वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, आणि तुमच्या हद्दीत आलेल्या फांद्या छाटायलाही उद्यान विभागाचीच परवानगी लागते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात करा, फांदी तुमच्या छपरावर किंवा विजेच्या तारेवर आली असल्याचे फोटो जोडा. भिंतीच्या फटीत रुजलेलं वीतभर पिंपळाचं रोप ही वेगळी गोष्ट. ते तुमच्या भिंतीत असेल तर आजच मुळासकट काढून फट सिमेंटने बुजवा. दोन पावसाळ्यांत ते भिंत फोडतं आणि गिऱ्हाईकाच्या इंजिनिअरला ते पहिल्याच फेरीत दिसतं.

महापालिकेकडे जायचं तर कोणत्या तक्रारीला कोण हलतं हे माहीत हवं. "शेजारी घाण आहे" या तक्रारीला बहुधा उत्तर येतं की जागा खासगी आहे. "साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत" या तक्रारीला कीटक प्रतिबंधक विभागाचा माणूस येतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो, म्हणून पावसाळ्यात या तक्रारीला वेग असतो. उघडी टाकी, जुने टायर, पत्र्याच्या खोलगट भागात साठलेलं पाणी, याचा तारखेसह फोटो द्या. बंगल्याची भिंत किंवा गॅलरी पडायला आली असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264खाली धोकादायक बांधकामाची नोटीस निघू शकते, मुंबईत त्यासाठी कलम 354 आहे. साप निघाला तर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, काठी उचलू नका. या कशालाच तुम्हाला शुल्क पडत नाही. खर्च होतो तो वेळेचा, आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवून दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाण्याचा.

वकील आणि कोर्ट

वकिलाची नोटीस दोन ते दहा हजारांत जाते. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, दिवाणी दावा लावता येतो, सहकार न्यायालय आहेच. पण खरीदाराचा वकील टोकनच्या आधी विचारतो: या मिळकतीबाबत कुठे वाद चालू आहे का? तुम्हाला हो म्हणावं लागतं. पसारा बघून भाव पाडणारं गिऱ्हाईक दाव्याचं नाव ऐकून उठूनच जातं, कारण पसारा एका टेम्पोत जातो आणि दावा नव्या मालकाच्या गळ्यात पडेल अशी त्याला भीती वाटते. दाव्याचा निकाल तुमच्या विक्रीच्या मुदतीत लागण्याची शक्यताही जवळजवळ नाही. जो या घरात राहणारच आहे त्याने जरूर कायद्याने भांडावं. जो विकणार आहे त्याने नोटिशीच्या अलीकडे थांबावं.

याला एकच अपवाद. शेजारच्या घरातून तुमच्या भिंतीत ओल येत असेल तर ते लेखी कळवून ठेवा, प्लंबरचा अहवाल घ्या आणि दुरुस्ती त्यांच्या बाथरूममध्ये करून घ्या. वॉटरप्रूफिंगचा खर्च बाथरूममागे 15 ते 40 हजारांपर्यंत जातो. तो अर्धा तुम्ही सोसलात तरी चालेल. आपल्या बाजूने नुसता रंग मारणं मात्र धोक्याचं. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की जो महत्त्वाचा दोष खरीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही आणि विक्रेत्याला माहीत आहे, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. पॅसेजमधला पसारा सगळ्यांना दिसतो, रंगाखालची ओल दिसत नाही. ती जूनमध्ये वर येते, आणि तेव्हा खरीदाराचा फोन येतो.

घर दाखवताना

बंगल्याकडची खिडकी बंद ठेवून, पडदे ओढून घर दाखवणारे बरेच असतात. गिऱ्हाईक दुसऱ्या फेरीला ती खिडकी उघडतंच, आणि मग त्याला वाटतं यांनी आणखी काय झाकलं असेल. ती खिडकी तुम्हीच उघडा. "शेजारचा बंगला वाटणीत अडकलाय, कुंपणाची बाजू आम्ही गेल्या महिन्यात साफ करून घेतली, वारसांपैकी एकांशी बोलणं झालंय" एवढं एजंटच्या आधी तुम्ही सांगा. त्याच खिडकीला काचेवर फ्रॉस्टेड फिल्म लावता येते, चौरस फुटाला 40 ते 100 रुपये, उजेड येतो आणि नजर अडते. गॅलरीत बांबूचा चिक किंवा मधुमालतीच्या दोन मोठ्या कुंड्या, दोन ते पाच हजारांत. हे आडोसे आहेत आणि ते आडोसे म्हणूनच दिसू द्या.

साफ करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि बँकेचा मूल्यांकनकार येईल त्या दिवशी पॅसेज पुन्हा एकदा बघून घ्या. एजंटची दलाली पुण्या-मुंबईत एक ते दोन टक्के ठरते, नोंदणीकृत एजंट असेल तर वर 18 टक्के जीएसटी. या घरासाठी तुम्ही त्याला नेहमीपेक्षा जास्त काम सांगणार आहात, म्हणून दलालीत फार घासाघीस करू नका. त्याऐवजी फोटो, वेळा आणि शेजाऱ्याची माहिती काय द्यायची हे त्याच्याशी ठरवून घ्या. दलालीची पावती जपा, ती भांडवली नफ्यातून वजा होते.

भाव किती खाली आणता येतो

सगळं करूनही थोडं खाली यावं लागतं. पण या उतरण्याला एक तळ आहे आणि तो आयकराने घातला आहे. करार रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा खाली झाला, आणि रेकनरची किंमत कराराच्या 110 टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तर तुमचा भांडवली नफा रेकनरच्या किमतीवर धरला जातो, आणि मधला फरक खरीदाराचं उत्पन्न समजून त्याच्यावरही कर लागतो.

आपल्या फ्लॅटची रेकनरप्रमाणे किंमत 78 लाख आहे असं धरा. 71 लाखांना विकला तर 71चे 110 टक्के 78 लाख 10 हजार, म्हणजे दोघेही सुरक्षित. 70 लाखांना विकला तर 110 टक्के 77 लाख होतात आणि रेकनर त्याच्या वर आहे. एका लाखाच्या फरकापायी तुम्हाला न मिळालेल्या 8 लाखांवर साडेबारा टक्क्यांनी एक लाखाचा कर, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या खरीदाराला 2 लाख 40 हजारांचा, उपकर वेगळा. रेकनरच्या किमतीला 1.1ने भागा, येईल तो तुमचा तळ. इथे तो 70 लाख 91 हजार आहे. हा आकडा वाटाघाटीत उघड सांगा. पाडून मागणाऱ्या गिऱ्हाईकाला याच्याइतकं पटणारं दुसरं कारण नाही, कारण खाली गेल्यावर त्याचाच कर वाढतो. मुद्रांक शुल्क तर तो दोन्ही वेळा रेकनरवरच भरणार आहे. पुण्यात 7 टक्के धरले तर 78 लाखांवर 5 लाख 46 हजार, शिवाय नोंदणी फी 30 हजार.

शेजारच्या धोकादायक बंगल्यामुळे बाजारभाव खरोखरच रेकनरच्या बराच खाली असेल तर आयकर अधिकाऱ्याकडे ते प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल, साधारण पाच ते पंधरा हजार, तारखा असलेले फोटो, महापालिकेच्या नोटिशीची प्रत आणि तक्रारींचे क्रमांक लागतील. ही फाइल व्यवहाराच्या आधी तयार हवी, आणि सीएशी बोलणं टोकनच्या आधी.

ज्याला पसाऱ्याचं काही वाटत नाही असं गिऱ्हाईकही असतं. तुमचं घर बैठं किंवा प्लॉटसह असेल तर शेजारच्या वारसांना आधी विचारा, आणि मग त्या भागात काम करणाऱ्या बिल्डरला. 2020च्या एकत्रित विकास नियमावलीत बांधकामाची मुभा रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरते, आणि दोन लहान प्लॉट जोडले की हिशेब पुष्कळदा बदलतो. इतरांना जो बंगला बघवत नाही तो बिल्डरला पुढचा व्यवहार वाटतो. असं गिऱ्हाईक पहिल्या भेटीत घाई करतं, दुसऱ्या भेटीत वारसांची सही तुमच्याकडून मागतं. ती जबाबदारी घेऊ नका. तुमच्या मिळकतीचं साठेखत तुमच्यापुरतं, शेजारच्या व्यवहाराची कुठलीही अट त्यात नको, आणि पैशाचे हप्ते तारखांना बांधलेले.

फ्लॅटच्या साठेखतातही एक ओळ घालून घ्या: सामाईक पॅसेज आणि पार्किंगची जागा खरीदाराने पाहिली आहे आणि ताबा त्याच स्थितीत दिला जाईल. मग ताब्याच्या आदल्या आठवड्यात राखून ठेवलेल्या दोन-तीन हजारांतून टेम्पोची ती दुसरी फेरी करा, आणि काकूंच्या मुलाचा नंबर, त्याला विचारून, नव्या मालकाला द्या.